बरणीतला हात

भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांतली मी नाही. पण हे माझ्या डोळ्यांदेखत घडलं, आणि खोटं सांगून मला काही मिळायचं नाही.

हॉलंडमधलं हार्लेम. १७१४ सालचा नोव्हेंबर. शनिवार, भरदुपार.

बाबा जाऊन सहा आठवडे झाले होते. ते वैद्य होते. चाळीस वर्षं त्यांनी नवलाच्या वस्तू जमवल्या. शंख, सुकवलेली मगर, आभाळातून पडलेला दगड. घरातल्या दोन खोल्या भरल्या होत्या. पाहायला यायचे ते फक्त त्यांचे विद्वान मित्र. मृत्युपत्रात त्यांनी सगळं गावाला देऊन टाकलं. आता दर शनिवारी नगरभवनाच्या माडीवर कुणीही यावं आणि पाहावं.

मला त्यातलं काहीच नको होतं.

एका बरणीशी मात्र माझं वैर होतं.

तिच्यात, मद्यार्कात, एका तान्ह्या मुलीचा हात होता. माझ्या जन्माच्याही आधीपासून. कुणाची मुलगी, ते बाबांनी कधी सांगितलं नाही. मनगटाची कापलेली कड झाकायला तिथे लेस बांधलेली असे. ती मी विणायची. नवव्या वर्षापासून, दर वसंतात नवी.

“बारीक वीण घाल, हेस्टर,” बाबा म्हणायचे. “तिच्या हाताला शोभली पाहिजे.”

माझ्या हातांकडे त्यांचं कधी लक्ष गेलं नाही.

त्यांच्यासाठी मी एकदाच लेस विणली. पुरताना घातलेल्या सदऱ्याच्या बाह्यांना. उजव्या बाहीत एक गाठ चुकली. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं. उसवली नाही, तशीच त्यांच्याबरोबर चर्चच्या फरशीखाली जाऊ दिली.

पहिल्या शनिवारी माडीवर पाय ठेवायला जागा नव्हती. मासे विकणाऱ्या दोघी बरणीपुढे उभ्या होत्या.

“या हातानं कधी मासे साफ केले नसणार.”

“लेस बघ आधी. तुझ्या लग्नात तरी होती का अशी?”

आमचा जुना नोकर योरिस आता तिथला रखवालदार होता. तो हळूच म्हणाला, “हेस्टरबाई, लेस पिवळी पडलीय. एक नवी द्या की. मालकांना चाललं नसतं हे.”

“मालकांना हवी असेल, तर येऊन मागतील.”

पुढच्या शनिवारी योरिस जिन्यातच भेटला. हसत होता.

“विरघळलात ना शेवटी? सुरेख आहे हो. पण केवढी मोठी केलीत.”

मी काहीच दिलं नव्हतं.

वर गेले. मगरीभोवती गलका चालला होता. बरणीपाशी मात्र... कुणीच नव्हतं.

बरणीचं तोंड बंद होतं. लाखेवर माझ्याच शिवणाच्या अंगुस्तानाचा ठसा, वस्तू गावाच्या ताब्यात देताना मीच उमटवलेला. कुठे तडा नाही.

आत... पांढरीशुभ्र लेस.

मोठ्या माणसाच्या मनगटाची. त्या इवल्या मनगटाला तिचे तीन वेढे बसले होते.

आणि तिसऱ्या वेढ्यात, अगदी वर... चुकलेली गाठ.

तशीच चर्चमध्ये गेले. बाबांच्या थडग्यावरची फरशी जागची हललेली नव्हती. सांध्यातला चुना तसाच होता.

याला अकरा वर्षं झाली. त्या माडीवर मी पुन्हा गेले नाही. योरिस सांगतो, लेस अजून पिवळी पडलेली नाही.

त्या मुलीनं ती ओढून घेतली असेल, तर मी समजू शकते. मीही घेतली असती.

पण बाबांनीच आपल्या हातानं काढून दिली असेल तर...