खडूस हसली

सोमवारी सकाळी नऊ वाजता खडूस हसली. चार वर्षांत पहिल्यांदा.

खडूस ही एका वेबकॉमिकमधली बाई. तक्रार-खिडकीच्या आत बसते, एक भुवई वर ठेवते आणि समोरच्याला थंडपणे सोलून काढते. समोर उभा असतो अर्जदार. तोही काही कमी नाही. "मी सकाळपासून उभा आहे," असं तो म्हणाला की ती म्हणणार, "बसायचं असेल तर वेगळा अर्ज." सोमवार ते शनिवार, रोज चार चौकटी, ठीक नऊला. वाचणारे चाळीस हजार.

ती हसली तेव्हा तिला काढणारी चित्रकार डोळ्यांच्या दवाखान्यात बाकावर बसली होती. आत तिच्या बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन चाललं होतं. तिने सहज फोन उघडला आणि चौथ्या चौकटीवर तिचा अंगठा थांबला.

ही चौकट तिने काढलेली नव्हती.

पहिली आणि तिसरी चौकट मास्तरची. अर्जदार त्याचा. दुसरी आणि चौथी तिची, कारण खडूस तिची. मास्तर म्हणजे शाळेतला चित्रकलेचा शिक्षक. चार वर्षांपूर्वी दोघं एका खऱ्याच खिडकीसमोर रांगेत अडकले होते. वेळ जात नव्हता म्हणून तिने अर्जाच्या पाठीवर खिडकीतल्या बाईंचं चित्र काढलं. मागून आवाज आला, "समोर कुणीतरी हवं. एकटी कुणावर चिडणार?" आणि त्याने आपल्या अर्जावर एक माणूस काढून तिच्या अर्जाला लावून धरला. त्या दिवशी दोघांचीही तक्रार नोंदली गेली नाही. अर्जच उरले नव्हते.

तेव्हापासून शिंप्याच्या दुकानावरची एक खोली, एक टेबल, सकाळी सात ते साडेआठ. मग तो शाळेत जायचा, ती खोक्यांच्या कारखान्यात, औषधांच्या खोक्यांवरची चित्रं करायला. नियम एकच होता: दुसऱ्याच्या पात्राला हात लावायचा नाही.

रविवारी तिने त्याला कळवलं होतं, "उद्या बाबांचं ऑपरेशन. भाग नको. सुट्टी टाक." त्याने सुट्टी टाकली नाही. चारही चौकटी त्यानेच काढल्या.

अर्जदार: "तुमच्याविरुद्ध तक्रार आहे."

खडूस: "काय?"

अर्जदार: "रविवारी खिडकी बंद असते."

चौथ्या चौकटीत शब्द नव्हते. फक्त खडूस, आणि तिचं हसू – ओठाचा उजवा कोपरा वर, डावा जागच्या जागी.

चित्रकाराच्या कानाच्या पाळ्या तापल्या. एकोणिसाव्या वर्षी एका सकाळी तिच्या चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली होती. सहा आठवड्यांत सगळं जागेवर आलं, हसू मात्र उजवीकडेच राहिलं. तेव्हापासून ती लोकांसमोर हसत नव्हती. खडूसही हसत नव्हती.

खाली प्रतिक्रियांचा पाऊस पडत होता. त्यात एक होती: "ओठ वाकडा झालाय. घाईत काढलंय वाटतं." तिच्याखाली मास्तरचं उत्तर: "नाही. बरोबर काढलाय."

बाबा एका डोळ्यावर पट्टी लावून बाहेर आले. "तोंड का असं? डॉक्टर काही बोलले का?"

"नाही बाबा. तुम्ही ठणठणीत आहात."

त्यांनी तिच्या हातातला फोन घेतला, उरलेल्या डोळ्याजवळ नेला. "अगं, ही तर तू!"

"बाबा, तुमचा एक डोळा बंद आहे."

"एकच पुरला."

बाबांना घरी वहिनीच्या ताब्यात देऊन ती तडक शाळेत पोचली. मधली सुट्टी होती. चित्रकलेच्या वर्गात दोरीला ओली चित्रं चिमट्यांनी टांगलेली होती. मास्तर नळाखाली ब्रश धूत होता.

"बाबा कसे आहेत?"

"बाबांना मध्ये आणू नकोस. तो भाग उतरव."

"बस तरी…"

"मला बसायचं नाहीये! 'सुट्टी टाक.' दोन शब्द होते, मास्तर. मुलांना सूचना नीट वाचा म्हणून ओरडतोस ना?"

"ओरडतो. ऐकत नाहीत."

"विनोद नकोत. नियम कुणी केला होता?"

"दोघांनी."

"मोडला कुणी?"

"एकट्याने." त्याने नळ बंद केला.

"आणि तुला दिसलं कुठे? मी तुझ्यासमोर कधी… एकदाही नाही हसले."

"हसू आलं की तू खिडकीकडे तोंड फिरवतेस," तो म्हणाला. "थंडीत सातला बाहेर नीट उजाडलेलं नसतं. काचेत सगळं दिसतं."

"चार वर्षं?"

"फक्त थंडीत. उन्हाळ्यात काच काही दाखवत नाही. उन्हाळ्यात माझे विनोद पडतात, असं तूच म्हणतेस."

तिच्या ओठाच्या उजव्या कोपऱ्याने दगा द्यायला घेतला, म्हणून ती आणखीच भडकली.

"चोरून बघायचं आणि चाळीस हजार लोकांना वाटून टाकायचं? माझा चेहरा आहे तो! मला विचारायला काय झालं होतं?"

"धीर नव्हता."

"म्हणून अर्जदाराच्या मागे लपलास. चार वर्षं जे काही बोलायचं ते तोच बोलतो. तू – तू स्वतः काय बोललास कधी?"

"अर्जदार माझ्यापेक्षा देखणा आहे, म्हणून वाटलं…"

"बघ! परत तेच!"

हातातल्या ब्रशमधून पाणी टपकत राहिलं. "चुकलं माझं," तो शेवटी म्हणाला आणि त्याने फोन उचलला. "आत्ता उतरवतो."

"थांब. तू आता कशालाच हात लावायचा नाहीस. काय करायचं ते मी ठरवेन."

घंटा झाली. ती निघाली तेव्हा दारातलं एक ओलं चित्र तिच्या बाहीला लागलं. तिने वळूनही पाहिलं नाही.

मंगळवारी ती खोलीवर गेली नाही. घरूनच दोघांच्या सामाईक फाइलमध्ये आपल्या चौकटी टाकल्या. अर्जदाराने विचारलं होतं, "मॅडम आहेत का?" तिच्या चौकटीत शटर. "मी वाट बघतो," तो म्हणाला. चौथीत शटरवर पाटी: "वाट बघण्याची खिडकी वेगळी आहे." बुधवारी शटर. गुरुवारी शटर. वाचकांना ते फार आवडलं, त्यामुळे तिचा राग दुप्पट झाला.

सोमवारचा भाग ती रोज पुसायला घ्यायची. "नक्की काढून टाकायचा?" असं यंत्र विचारायचं आणि ती 'नाही' दाबायची. गुरुवारी तिने ती चौकट पडदाभर मोठी करून पाहिली. डावा कोपरा एकाच रेघेत काढलेला होता, सावकाश. कुठेही खाडाखोड नव्हती. ओठ वाकडा होता. वाईट नव्हता. हे लक्षात आलं तेव्हा तिचे डोळे भरून आले, आणि तिला त्याचाही राग आला.

शुक्रवारच्या चौथ्या चौकटीत शटर खालून चार बोटं उचललेलं होतं. फटीतून एक अर्ज बाहेर सरकवलेला. त्यावर छापलं होतं: "विनंतीचं कारण स्वतःच्या शब्दांत लिहावं. विनोद आढळल्यास अर्ज बाद."

शनिवारची पहिली चौकट नेहमीप्रमाणे मास्तरने काढायची होती. नऊ वाजले. भाग आला नाही. चार वर्षांत पहिल्यांदा. वाचक विचारू लागले: खिडकी बंद पडली का?

ती घरी टेबलाशी बसली आहे. समोर सामाईक फाइल उघडी आहे, कोपऱ्यात मास्तरच्या नावाचा हिरवा ठिपका. अर्जदार काढून झालाय; मान खाली, हातात पेन. त्याच्या डोक्यावरच्या फुग्यात अक्षरं उमटतात आणि पुसली जातात. "खरं सांगायचं तर" आलं, गेलं. "माफ" आलं, तेही गेलं. वहिनी दारातून दोनदा डोकावून गेली.

नऊ वाजून सतरा मिनिटं झाली आहेत. फुग्यात आता चार शब्द आहेत आणि ते मिनिटभर टिकले आहेत: "मला रोज सकाळी सातला".

पुढे कर्सर लुकलुकतो आहे.