संघदीपचा सेट

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या, पण मला खोटारडी म्हणू नका.

चौदा एप्रिल २००८. आमगावजवळचं आमचं गाव, भर दुपार. भुतं दुपारी येत नाहीत म्हणणाऱ्यांनी आमच्याकडचं ऊन पाहिलेलं नसावं.

माझा भाऊ संघदीप साउंड सर्व्हिस चालवायचा. आदल्या मे महिन्यात ऊन लागून गेला. सेट मी चालवायला घेतला.

घरचा कारभार बघणाऱ्या देवाजीकाकांना ते पटलं नाही. "पोरीचं काम नाही हे, अल्का. जयंतीत सेट बंद पडला तं मी इकून टाकतो."

"नाही पडणार," मी म्हणाले.

दादाची एक सवय होती. स्पीकर तापला की आतली कॉइल तापते आणि आवाज आपोआप बसतो. अशा वेळी बाकीचे लोक आवाजाचं बटण वाढवतात. दादा कमी करायचा. "तिले दम घेऊ दे, नाही तं जळून जाईन," म्हणायचा.

मिरवणूक निघाली. सेटची गाडी चौकात आली आणि आवाज बसला. काका माझ्याकडेच बघत होते.

मी बटण वाढवलं.

थोड्या वेळाने पाहिलं तर... बटण खाली.

पुन्हा वाढवलं. माझ्या डोळ्यांसमोर ते हळूहळू मागे फिरलं...

बोटांना गार लागलं. त्या उन्हात.

भीती वाटली. पण त्याहून जास्त राग आला.

"दादा, सेट आता माझा आहे," मी म्हणाले. बटण घट्ट धरलं आणि शेवटपर्यंत फिरवलं.

जळका वास आला...

दोन्ही स्पीकर बंद.

मिरवणूक थांबली. काका गाडीकडे यायला निघाले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तरी मी बटण सोडलं नाही.

ते माझ्या मुठीतच फिरलं... पार खाली. मग थोडंसं वर.

आणि गाणं सुरू झालं. बारीक, पण स्वच्छ. विहारापर्यंत ते थांबलं नाही.

काका वाटेतूनच परत फिरले.

दुसऱ्या दिवशी गोंदियात शालीकराम मेकॅनिकने स्पीकर खोलले. दोन्ही कॉइली काळ्याठिक्कर, तारा तुटलेल्या.

"ताई, ये तो बज ही नहीं सकते," तो म्हणाला.

"कल विहार तक बजे," मी म्हणाले. तो हसला. मी नाही हसले.

सेट विकलेला नाही. विकणारही नाही. यंदाच्या जयंतीलाही मीच वाजवणार, कोणाला काय म्हणायचं ते म्हणू दे.

फक्त आवाज बसला की मी बटणाला हात लावत नाही.

लावावाच लागत नाही...