अर्ध्या किलोमीटरचा एकांत

पूर्व हिमालयातल्या प्रयोगशाळेत शेवाळ-संशोधक डॉ. चारुता फणसळकर पाठपिशवी भरत होत्या.

"तीन दिवस मला माणसाचं तोंड दिसता कामा नये."

"नाही दिसणार, मॅडम." एकांत राखणारी यंत्रणा बनवणाऱ्या इम्तियाज मुलाणीने त्यांच्या मनगटात एकांतकडं अडकवलं. "जंगलभर पसरलेलं तुमचं स्पर्शशेवाळ प्रत्येकाचं वजन टिपतं. दोन माणसांतलं अंतर अर्ध्या किलोमीटरवर आलं, की दोघांची कडी थरथरतात. मग वाट बदलायची."

"पण माणूस बसलाय की पडलाय, ते शेवाळाला कळत नाही."

"ते पुढच्या वर्षी शिकवू त्याला!"

डोंगराच्या एका सोंडेच्या तोंडाशी चारुताबाईंनी तंबू ठोकला. ओकच्या खोडांवर बोटभर जाडीचं शेवाळ, त्यावर हिमकणांची साखर. दोन दिवस त्या भिंग घेऊन तंबूभोवतीच रांगत, गुणगुणत हिंडल्या. फक्त सोंडेवर चढू लागल्या की त्याच वाकलेल्या झाडापाशी कडं थरथरे. त्या निमूट मागे फिरत.

तिसऱ्या सकाळी पुन्हा तेच झाड, तीच थरथर. त्या थबकल्या. थरथर जागा बदलत नव्हती, म्हणजे वरचा माणूसही हलला नव्हता. दोन दिवस! या थंडीत!

जंगलात फोनला बंदी होती. औषधाची पेटी घेऊन, कडं मनगटावर तडफडत असतानाच त्या चढत सुटल्या.

"अहो! कोणी आहे का?" घाबरल्या की त्यांच्या तोंडून मराठीच निघे.

"आहे की!" वरून खणखणीत उत्तर आलं.

माकडटोपीतले एक गृहस्थ खडकावर धडधाकट बसले होते. निवृत्ती गांगुर्डे. कांद्याच्या बाजारात तीस वर्षं लिलाव पुकारून शांततेसाठी इथवर आलेले.

"तुम्ही हलत का नाही?" चारुताबाईंना धाप लागली होती.

"हलू कुठं, ताई? तिन्ही बाजूंनी कडा. खाली जायला एकच वाट, अन् पन्नास पावलं उतरलो की कडं बोंबलतं. खाली कोणीतरी ठाण मांडून बसलंय."

चारुताबाईंनी खाली आपल्या तंबूच्या दिशेने बोट केलं. "ती मीच!"

दोघेही खदखदून हसले.

"पण खायला तरी आहे का काही?"

"काल संपलं."

"अहो, मग कडं काढून फेकायचं आणि सरळ उतरायचं!"

"आलं होतं मनात," गांगुर्डे ओशाळले. "पण म्हटलं, खाली कोणीतरी इतक्या लांबून एकटं राहायला आलंय. सुखात दिसतंय. आपण कशाला मोडता घालायचा?"

चारुताबाईंनी आपलं कडं उतरवून खिशात टाकलं.

"चला खाली. खिचडी टाकते. आणि वाटेत बोला हो, मनसोक्त बोला."