लेकरू बाहेर येणार नाही

दार लोटून घ्या रे. वारा कंदिलाला टिकू देत नाही. हां, बसा आता.

ही गोष्ट लच्छूची. नागभीडला गुणवंतरावांच्या धानाच्या गिरणीवर तो मोटार चालवायचा, आणि मी तिथेच रखवालीला होतो. मोटार धुणं, रात्री शेडमध्ये लावून घेणं, हे माझं काम. घडलं ते मी आधी लच्छूकडून ऐकलं, नंतर कुंताकडून. दोघांचं सांगणं एका जागी जुळत नाही. ती जागा आली की सांगेन. शेवटचं मात्र मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

सन चोपन्न. संक्रांतीची आदली रात्र. आकाशात अर्धा चंद्र होता आणि थंडी अशी की बैलांवर पोती टाकली होती.

लच्छू मालकाच्या व्याह्यांना मूल गावाच्या स्टेशनावर सोडून रिकामी मोटार परत आणत होता. स्टेशनाबाहेर त्याला रुखमाबाई दिसली. आमच्याच गावची, मासे धरणाऱ्या ढिवरांच्या मोहल्ल्यातली. सुनेला माहेरून घेऊन निघाली होती आणि आगगाडी चुकली होती. सून म्हणजे कुंता. तिच्या कडेवर दोन वर्षांचा कोलू.

"इथी काऊन बसल्या, रुखमाबाई?"

"काय करू बाबू, गाडी गेली. उद्या सन हाय, अन् आमी इथी."

"मंग चाला ना. मोटार खालीच चालली."

मोटार जुनी विलायती, लढाईच्या आधीची. तिच्या मागच्या दारांची बिजागरी मागच्या बाजूला होती आणि मूठ पुढे. चालत्या मोटारीत अशा दाराची कडी सुटली की वारा आत शिरतो आणि दार हिसकून उघडतो. डाव्या दाराची कडी ढिली होती. मी लच्छूला कितीदा सांगितलं होतं. तो म्हणायचा, "मालक उजव्या बाजूनं बसते."

रुखमाबाई म्हणाली, "पोराले समोर दे लच्छूजवळ. दिवे पाहीन तो, खुश होईन."

"समोर नाई, आत्याबाई. मागंच राहीन तो, माह्याजवळ." कुंता म्हणाली. आणि मागे बसून तिने लुगड्याचा पदर कोलूच्या काखेखालून घेऊन आपल्या कमरेला गच्च बांधला. ढिवरांच्या बाया डोंग्यात लेकराला तशाच बांधतात.

लच्छू हसला. "मोटार हाय बाई, डोंगा नाई. लेकरू बुडून राह्यलं का?"

"डोंग्यातून पडलं त पान्यात पडते, लच्छूभाऊ. इथून पडलं त गोट्यावर."

थोडं पुढे गेल्यावर डावं दार खडखडायला लागलं. कुंताने ते हलवून पाहिलं. मग बोचक्यातून जाळ्याची दोरी काढली आणि आतली मूठ पुढच्या बैठकीच्या लोखंडी पायाला बांधून टाकली.

"मालकानं पाह्यलं त मले हाकलन!"

"मालकाले सांग, कुंतानं बांधली. मले हाकल म्हना."

रुखमाबाईने कपाळाला हात लावला. "अशी हाय पाह्य माही सून. मुंडीपेक्षा जिभेनं मोठी."

राजोली मागे पडली आणि जंगल दोन्हीकडून रस्त्याजवळ आलं.  लच्छू रस्त्यावरून नजर न काढता म्हणाला,

"रुखमाबाई... नाला येऊन राह्यला. लेकरू सोडून घ्या."

तुम्ही पोरं आता त्या रस्त्याने दिवसा जाता, म्हणून तुम्हाला माहीत नाही. पुढे करूचा नाला लागतो. त्यावर बिनकठड्याचा पूल. फार वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात विड्यांचा तेंदूपत्ता तोडायला आलेली एक बाई लेकरू मांडीवर घेऊन ठेकेदाराच्या लॉरीत वर, पत्त्याच्या पुड्यांच्या ढिगावर बसली होती. वळवाच्या पावसाने नाला भरला होता, आणि पुलावर लॉरी हिसकली. बाई राहिली वर, लेकरू गेलं खाली. रात्रभर ती नाल्यात शोधत होती म्हणतात. सकाळी तीही तिथेच मेलेली सापडली.

तेव्हापासून त्या रस्त्याच्या मोटारवाल्यांनी एक रीत धरली. गाडीत लेकरू असेल तर पुलावर दार उघडायचं, लेकराला दोन्ही हातांनी बाहेर धरायचं आणि म्हणायचं, "पाह्य बाई, तुहं नाई." तिने पाहिलं की ती सोडते. दाखवलं नाही तर पाहायला आत येते. आणि गाडी थांबवायची नाही. थांबली तर ती गाडीत येऊन बसते.

"म्हंजे चालत्या गाडीतून, नानाजी?"

चालत्या गाडीतून, वारलू. सगळे करत होते. शिकलेलेही.

रुखमाबाईला रीत ठाऊक होती. तिने पदराच्या गाठीला हात घातला. कुंताने तो धरला.

"सोडाचं नाई, आत्याबाई."

"दाखवा लागते, माय. साऱ्याइनं दाखवलं. तुह्या नवऱ्याले मीच धरलं होतं."

"चालत्या मोटारीतून लेकरू भायेर धराचं? हात सुटला त?"

लच्छू समोरून ओरडला, "आजवर कोनाचा सुटला नाई!"

"तिचा सुटला होता ना?"



लच्छू मला म्हणाला होता, नानाजी, ते एक बोलनं मी अजून भुललो नाई. खरं होतं म्हनून.

पण भीती ती भीतीच. वळण आलं, खाली पुलाचे पांढरे दगड दिसले, आणि लच्छूने मोटार दामटली. झाडं सपासप मागे जायला लागली. कोलू जागा झाला. रडू लागला.

"हळू चालव, लच्छूभाऊ."

"पार होऊन जाऊ बाई, एका दमात..."

"हळू चालव म्हनते ना! भुतानं मराचं का तुह्या मोटारीनं?"

लच्छूने पाय उचलला. म्हणजे तो म्हणतो, आपोआप उचलला गेला. मोटार पायी चालणाऱ्या माणसाच्या चालीवर आली.

पूल सुरू झाला.

खाली पाणी नव्हतं. पौषात तो नाला कोरडाच असतो. तरी पाण्यात कोणी हात घालून काही चाचपावं, तसा आवाज येत होता. एकदा इकडून. एकदा तिकडून.

मग थांबला.

डाव्या काचेजवळ कोणीतरी होतं.

इथे दोघांचं जुळत नाही. लच्छू म्हणतो, बाई मोटारीसोबत पळत होती, त्याने आरशात तिचे उडते केस पाहिले. कुंता म्हणते, पळत नव्हती. पायच हलत नव्हते. मोटार पुढे जात होती, आणि ती... होती तिथेच. काचेला लागून.

"मंग चेहरा, नानाजी?"

कुंताने चेहऱ्याचं सांगितलं नाही. मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ती दुसरीकडे पाहत राहिली.

टक्.

कडी सुटली.

दार उघडलं. हातभर नाही, वीतभर. दोरी ताणली गेली. बैठकीचा लोखंडी पाया करकरला. थंडगार वारा आत आला, ओल्या पाल्याचा वास घेऊन. कोलू रडायचा थांबला. त्याने फटीकडे पाहिलं... आणि दोन्ही हात पुढे केले. लेकरं ओळखीच्या माणसाकडे करतात, तसे.

रुखमाबाई किंचाळली, "दाखव! दाखव तिले, कुंता!" आणि तिने पदराची गाठ ओढली.

कुंताने सासूचा हात झटकला. आयुष्यात पहिल्यांदा. लेकराला दोन्ही हातांनी छातीशी धरलं. आणि फटीकडे तोंड करून बोलली. लच्छू सांगतो, आवाज कापत होता, पण बारीक नव्हता.

"पाह्याचं असन त तिथूनच पाह्य, बाई. लेकरू भायेर येनार नाई."

दार हललं. दोरी आणखी ताणली.

"तुहं गेलं. मले मालूम हाय. त्याले कोनी बांधलं नाई. तुले कोनी सांगतलं नाई. अन् आता सारे जन तुह्या नावानं आपापले लेकरं त्याच पुलावर धरतेत... तुले बरं वाटते का हे?"

दोरी तशीच ताणलेली होती.

"तू देव अस का भूत अस. मी भेऊन राह्यली, खोटं नाई बोलत. पन मी देनार नाई. तोडाची असन त तोड दोरी. मंग हा पदर हाय. मंग मी हावो."

पूल संपत नव्हता. छोटासा पूल आहे, तुम्ही पाहिला आहे. त्या रात्री संपत नव्हता.

फटीतून बोटं आत आली. दाराच्या कडेवरून वर सरकली. मग दोरीवर आली. दोरी चाचपली. बैठकीच्या पायाशी गाठ होती, तिथवर. दाबून पाहिली.

तिथून पदरावर.

कुंता हलली नाही. रुखमाबाईने तोवर डोळे मिटून कोलूची कंबर धरली होती. सुनेच्या हातांवर हात ठेवून, गच्च. बोटं पदराच्या गाठीवर थांबली. किती वेळ, ते दोघांनाही सांगता येत नाही.

मग बोटं गेली.

आणि दार लागलं. वाऱ्याने आपटतं तसं नाही. झोपलेलं लेकरू जागं होऊ नये म्हणून आपण लावतो, तसं. हळूच.

पुढे डांबराचा तुकडा लागला, सिंदेवाहीचे दिवे दिसले. रुखमाबाई एकदा म्हणाली, "लच्छू, हळूच चालव बाबू."

शेडपाशी आले तेव्हा मी जागाच होतो. कुंताने आतली दोरी सोडली, दार ढकललं. उघडेना. लच्छूने उजवीकडून आत शिरून खांदा लावला. उघडेना. शेवटी सगळी उजव्या दाराने उतरली. कोलू झोपला होता. कुंताने पदर तेव्हाही सोडला नाही, तशीच घरी गेली.

पहाटे फटफटलं तेव्हा मी मोटार धुवायला पाण्याची बादली घेऊन डाव्या बाजूला गेलो.

मागच्या आणि पुढच्या दाराच्या मुठी त्या मोटारीला जवळजवळ होत्या. त्या दोन्ही मुठी एकमेकींना बांधलेल्या होत्या. बाहेरून. पळसाची साल सोलून केलेल्या वाकाच्या दोरीने, पीळ देऊन, वेढ्यावर वेढा घालून. गाठ अशी आवळलेली की माझं नख आत जाईना.

मी विळा आणला. लच्छू मागे उभा होता.

साल नुकतीच सोललेली होती. कापली, तर माझी बोटं ओली झाली.