दोरीपलीकडचा वाटाड्या

झऱ्याच्या कुंडात पडलेलं पान आठ दिवसांत पांढरं होतं. पाण्यात विरघळलेला चुना त्याच्यावर पातळ थर धरतो. बाराव्या दिवशी पान उचललं तर ते वाकत नाही, मोडतं. शिरा मात्र दिसत राहतात. हे मी स्वतः मोजून पाहिलं आहे.

पुढचं मला मोजता आलेलं नाही. पण ते घडलं आहे. माझ्यासमोर, भर दुपारी, गेल्या नोव्हेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी.

मी सेनाइदा. ओआहाकाच्या खोऱ्यातल्या तेओतितलान गावची, सापोतेक या आदिवासी समाजातली. शहरात रसायनशास्त्र शिकले आणि सहा वर्षं पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम केलं. माझा नवरा देल्फिनो पाहुण्यांना दिवसभराच्या सहलीला न्यायचा. सकाळी डोंगरावरचे झरे, दुपारी आमच्या घरी माग आणि रंगकाम. चौदा वर्षं त्याने हेच केलं.

दोन वर्षांपूर्वी, मार्चमध्ये, वाऱ्याने एका बाईची टोपी उडाली. ती आणायला तो कड्याआधी बांधलेली दोरी ओलांडून गेला...

कडा तिथून साठ मीटर खाली जातो.

मी रडले नाही. महिन्याभराने नोकरी सोडली आणि त्याची सहल मी चालवायला घेतली. लोक म्हणाले, काय धीराची आहे. धीर नव्हता. मंगळवारी सकाळी गाडीत बसायचं, एवढं एकच काम मला काही न ठरवता करता येत होतं.

आमच्याकडे माणूस घराबाहेर, रस्त्यात किंवा डोंगरात गेला, तर शरीर पुरून भागत नाही. त्याची सावली पडल्या जागी राहते. सर्वांत जवळच्या माणसाने तिथे जायचं, नावाने हाक मारायची, तिथली माती झाडून फडक्यात बांधायची आणि घरी आणायची. याला सावली उचलणं म्हणतात.

हाक मी मारायची होती.

पुढच्या महिन्यात मारते, असं मी म्हटलं होतं.

माझ्या सासूबाई, एर्मेलिंदा, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. गुडघ्यांमुळे त्यांना डोंगर चढवत नाही. त्या दर महिन्याला विचारायच्या आणि मी दर महिन्याला पुढचा महिना सांगायचे. एकदा त्या म्हणाल्या, "मीच मारली असती गं हाक. पण लग्न झाल्यापासून माझ्या हाकेला तो जेवायलासुद्धा येत नव्हता."

आम्ही दोघी हसलो होतो.

खरं कारण मी त्यांना सांगितलं नव्हतं. मी हाक मारली आणि काहीच झालं नाही, तर? आणि काही झालं, तर तो त्या डोंगरावर उरणार नाही. मग मंगळवारी मी जाणार कुठे?

त्या मंगळवारच्या आठवडाभर आधी मृतांचे दिवस झाले होते. आम्ही घरातल्या वेदीवर त्याच्यासाठी पाव आणि चॉकलेट ठेवलं. मेलेली माणसं घरी येतात, अन्नाची चव घेऊन जातात आणि मागे नुसतं अन्न उरतं, असं आमच्यात मानतात. तीन तारखेला सासूबाईंनी त्या पावाचा तुकडा तोडला. बराच वेळ चावला.

"चव आहे," त्या म्हणाल्या. "यंदाही आला नाही."

पाव नीट झाकलेला होता, असं मी सांगितलं.

"तुझ्या काचेच्या नळीत जे मावत नाही ते नसतंच, नाही का?" एवढंच बोलून त्यांनी उरलेला पाव मला दिला.

मी तो खाल्ला. मला कसलीच चव लागली नाही. पण मला तर दोन वर्षं कशाचीच लागत नव्हती.

मंगळवारी नऊ पाहुणे होते. गाडी अबुंदिओ चालवतो, देल्फिनोचा चुलतभाऊ. मी प्रत्येक थांब्यावर माणसं मोजते, यावर तो नेहमी काहीतरी बोलतो. त्या दिवशी म्हणाला, "वहिनी, शेळ्या मोजल्यासारखं मोजता. एखादी वाढली तर संध्याकाळी कापू."

नऊ होते. वाढलं कोणी नव्हतं.

अकरा वाजता आम्ही वर पोचलो. अबुंदिओ गाडीतच झोपला. पाहुणे पुढे, मी मागे, अशी आम्ही पायवाट उतरू लागलो. वारा नव्हता.

तेव्हा तो आवाज पहिल्यांदा आला.

चट... चट... चट...

टायरच्या तळव्याच्या वहाणा खडकावर वाजतात तसा. रांगेच्या पुढून येत होता. मी पाहुण्यांचे पाय पाहिले. नऊही जणांच्या पायांत मऊ तळव्यांचे बूट होते.

एखादा गुराखी पुढे गेला असेल, असं मी ठरवलं.

कुंडापाशी मी नेहमीचं बोलायला सुरुवात केली. हे पाणी बुडबुडतं, पण ते गरम नाही...

"ते सांगितलं तुमच्या माणसाने," रेमेदिओस म्हणाल्या. या एकट्याच आलेल्या, सत्तरीच्या, पुएब्ला शहरातल्या निवृत्त शिंपीणबाई. सकाळपासून फारसं बोलल्या नव्हत्या.

कोणत्या माणसाने, असं मी विचारलं.

"पुढे चालत होता तो. गमतीचा आहे. म्हणाला, हे पाणी उकळल्याचं नुसतं सोंग करतं. माझी बायको नेमकी उलट. आतून उकळते, पण वर एक बुडबुडा येऊ देत नाही."

मी बाकीच्यांकडे पाहिलं. त्यांनी कोणालाच पाहिलं नव्हतं.

ही देल्फिनोची थट्टा होती. पहिल्या वर्षापासूनची. मी स्वतःशी शक्यता मांडल्या. कोणा जुन्या पाहुण्याने ती कुठेतरी लिहून ठेवली असेल आणि या बाईंनी वाचली असेल. असं होऊ शकतं. मला भीती वाटली नाही. काहीच वाटलं नाही. तळहात तेवढे गार पडले होते, म्हणून मी ते स्कर्टवर घासले.

पाहुण्यांना मी पाऊण तास मोकळा दिला. साडेबाराला शिट्टी वाजवली आणि मोजलं.

आठ.

पुन्हा मोजलं.

आठ...

रेमेदिओस नव्हत्या. कुंडाच्या कडेला त्यांची पिशवी होती. पाण्याचा आवाज बंद झाल्यासारखा वाटला. पाणी वाहत होतं, मला ते दिसत होतं. पण ऐकू येत नव्हतं.

ऐकू येत होतं ते एवढंच...

चट... चट...

मी आवाजाच्या मागे गेले. धावले नाही. पांढऱ्या खडकाच्या वळणापलीकडे दोरी होती आणि दोरीच्या पलीकडे रेमेदिओस. कड्यापासून दोन पावलांवर. त्यांचा उजवा हात पुढे, थोडा वर उचललेला होता. पाय निसरडे असताना आपण कोणाचा तरी हात धरतो, तसा.

समोर कोणी नव्हतं.

मी दोरीखालून गेले, त्यांचा डावा दंड पकडला आणि मागे ओढलं. त्या लगेच आल्या नाहीत. एक क्षण त्यांचं वजन माझ्याकडे नव्हतं. दुसरीकडून कोणीतरी धरलं होतं. मग ते सुटलं आणि आम्ही दोघी खडकावर बसलो.

"इथून चांगलं दिसतं म्हणाला का तो?" मी विचारलं.

"नाही हो," त्या शांतपणे म्हणाल्या. "म्हणाला, जरा हात देता का, मला घरी जायचंय."

त्यांच्या उजव्या मनगटावर चार पांढरे पट्टे होते. बोटांएवढे. मी नखाने खरवडून पाहिलं. चुना. अंड्याच्या टरफलाएवढा जाड. झऱ्याच्या पाण्यात एवढा थर धरायला महिने लागतात.

अबुंदिओला मी काही सांगितलं नाही. परतताना त्याने आरशातून दोनदा माझ्याकडे पाहिलं आणि थट्टा केली नाही.

तीन वाजता आम्ही घरी पोचलो. रंगाचा भाग सासूबाई दाखवतात. निवडुंगावरचे वाळवलेले किडे त्या पाट्यावर वाटतात, लालभडक पूड पाहुण्याच्या तळहातावर घेतात, लिंबू पिळून तिचा नारिंगी रंग करतात आणि चिमूटभर चुन्याने जांभळा. त्या दिवशी त्यांनी नेमका रेमेदिओस यांचा हात पुढे घेतला.

आणि थांबल्या.

पट्टे अजून तसेच होते. सासूबाईंनी पाहुण्यांसमोर काही विचारलं नाही. अर्धं लिंबू उचललं आणि मनगटावर पिळलं. चुना फसफसला आणि विरघळला. आम्लाने तो विरघळतोच. खाली कातडीवर चार निळसर खुणा राहिल्या. आम्ल लावून त्या जाणार नव्हत्या.

पाहुण्यांना वाटलं, हाही दाखवण्याचाच भाग आहे. कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

अबुंदिओ त्यांना सोडायला गेला. पाच वाजले होते, अंगणात ऊन होतं. आम्ही दोघीच उरलो. देल्फिनोच्या मागावर अर्धा विणलेला गालिचा तसाच ताणलेला होता. सासूबाई पाटा धूत होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं. काही गाळलं नाही, काही वाढवलं नाही.

त्यांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"माझा मुलगा कोणाला ढकलणारा नाही," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं तू दर मंगळवारी त्याच्यासमोरून जातेस. बायको हात देत नाही, म्हणून तो आता परक्यांकडे मागतोय. पुढच्या मंगळवारी कोणाकडे मागेल?"

रेमेदिओस यांनी काय पाहिलं, ते मला आजही माहीत नाही. त्यांच्या खुणा महिनाभर गेल्या नव्हत्या, असं त्यांनी नंतर कळवलं. लिंबाखाली फसफसण्याआधी थोडा चुना मी कागदात घेऊन ठेवला होता. प्रयोगशाळेतल्या जुन्या मैत्रिणीने तो तपासला. झऱ्याचाच आहे, म्हणाली. त्यापुढे विचारायला माझ्याकडे प्रश्न नव्हता.

पण त्या संध्याकाळी यातलं काही अजून व्हायचं होतं. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. त्या पुन्हा तेच विचारणार, मी पुन्हा पुढचा महिना सांगणार, हे आम्हा दोघींना पाठ होतं.

त्यांनी विचारलं नाही.

मी तांब्या उचलून पाट्यावर पाणी ओतलं. लाल ओघळ दगडावरून खाली गेला. मी तो संपेपर्यंत पाहिला.

"आई," मी म्हटलं, "स्वच्छ फडकं काढून ठेवा. उद्या सकाळी मी देल्फिनोला हाक मारणार आहे."