मामाचा पैलू

आईचा श्वास झोपेत अडतो. डॉक्टर म्हणाले, कुणीतरी लक्ष ठेवा. ते कुणीतरी म्हणजे मी, आणि मला तर खुर्चीत बसल्या बसल्या डुलकी लागते! म्हणून साबणाच्या डबीएवढं यंत्र केलं. छातीला पट्टा बांधायचा, श्वास अडला की गजर होतो, मग मी धावत जाऊन तिला हलवायचं.

कामच माझं ते. छोट्या यंत्रांसाठी ऑपरेटिंग सिस्टिम बनवते. शिकवलं मामानं, आईच्या थोरल्या भावानं. त्याची पद्धत अशी: मूळ सिस्टिम अगदी साधी ठेवायची. गजर, बॅटरी वाचवणं वगैरे प्रत्येक गोष्ट वेगळी लिहायची, तिला ‘पैलू’ म्हणायचं. यंत्राला हवे ते पैलू निवडले, की विणणारा प्रोग्राम ते मूळ कोडमध्ये लागतील तिथे तिथे आपोआप विणतो. नको तो निवडायचा नाही, संपलं.

मामाचा स्वतःचा एक लाडका पैलू होता, ‘एक नजर’. बॅटरी वाचवायला यंत्र मधूनमधून विसावतं, त्या प्रत्येक विसाव्याआधी त्यानं माणसाकडे पुन्हा एकदा बघून घ्यायचं. स्वभावच तो! घरातल्या प्रत्येक झोपलेल्या माणसाच्या खोलीत डोकावल्याशिवाय पठ्ठ्या पाठ टेकायचा नाही. गेल्या वर्षी गेला. फार आठवण येते त्याची. पण आईच्या यंत्रातली चिप इवलीशी, जागा पुरेना. ‘एक नजर’ मी वगळला.

सुरुवातीला यंत्र शहाण्यासारखं वागलं. मग एका दुपारी गजर झाला, मी धावले, तर आईचा श्वास संथ चालू. "झोपू दे की गं," ती पुटपुटली, कूस बदलली, आणि त्यानंतर तिचा श्वास अडला.

हे पुन्हा झालं. परत झालं. गजर आधी, श्वास नंतर.

पुढचं ओळखणारी एकही ओळ मी लिहिली नव्हती. विणून तयार झालेला कोड उघडला. प्रत्येक विसाव्याआधी मामाच्या ओळी! मी त्या पैलूची फाइलच पुसून टाकली, सगळं नव्यानं विणलं. ओळी तिथेच. चिपमध्ये जागा नसताना मावल्या होत्या. आईला सगळं सांगितलं.

"काढू नकोस गं," आई म्हणाली. "दादा आहे तर असू दे. मला बरं वाटतं."

"आई, काहीतरीच काय!"

पण मलाही बरंच वाटत होतं. खोटं कशाला बोलू?

काल दुपारी आई स्वयंपाकघरात होती. पट्टा खुंटीला होता. मी तिच्या पलंगावर जरा आडवी झाले होते, टक्क जागी.

गजर झाला.

खोलीत मी एकटीच.

आई ओल्या हातांनी धावत आली. पट्ट्याकडे तिनं बघितलंही नाही. माझे खांदे धरून मला गदागदा हलवायला लागली.

"श्वास घे बाळा," ती ओरडत होती, "अगं, श्वास घे!"

मला तर वाटत होतं, मी घेतेच आहे.