देवदारांमागचा पडसाद

सैनिकांच्या स्मृतिदिनाच्या सकाळी म्हातारी आल्विना स्ट्राउड बेकरीतून डोनटांचा खोका घेऊन सायकॅमोर पार्कात आली. नदीवरून धुकं चढलं होतं. बँडस्टँडभोवती घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या, ओल्या गवतात लायलॅकच्या फुलांचा वास मिसळला होता, आणि म्हातारीच्या काखेत बिगुलाची पेटी होती. दरवर्षीसारखीच सकाळ, म्हणा ना.

गावची रीत अशी: युद्धात पडलेल्यांसाठी एकानं स्मारकापाशी निरोपाची धून वाजवायची, दुसऱ्यानं दूर देवदारांमागे लपून तिच्या ओळीओळीला पडसाद द्यायचा. पडसाद आल्याशिवाय पुढची ओळ नाही. धून पुरी झाली की ज्याच्यासाठी वाजली तो मातीत निजला, असं गाव धरून चालतं. झाडीमागच्याला बघायला मात्र कुणी जायचं नाही. जन्मभर आल्विना पुढं आणि तिचा भाऊ डेल्मर मागं. गेल्या हिवाळ्यात डेल्मर वारला.

"आल्विनाबाई, पुढल्या वर्षीपासून पडसादाला यंत्रच लावू," नगरपालिकेचा हचिन्स डोनट चघळत म्हणाला. "आज पडसाद चुकला, तर ठरलंच समजा."

"यंत्राला फुप्फुसं असतात का रे? माझा शेजारी लोवेल कॉर्नेटची पितळी तुतारी घेऊन झाडीत उभा राहणार आहे. तू खा मुकाट्यानं."

लोवेल तिला अजून दिसला नव्हता. पण दिसू नये हीच तर रीत. तिनं पहिली ओळ फुंकली, अगदी निर्धास्त.

शांतता. हचिन्सनं घड्याळाकडे पाहिलं. मग देवदारांमागून ओळ परत आली... मऊ, लांबलेली. खुर्च्यांतल्या बायकांनी डोळ्यांना रुमाल लावले. पुढं सगळ्यात उंच सुरावर मात्र पडसाद किंचित चिरकला, आणि आल्विनाच्या मानेवर काटा आला. समोरचा दात तुटल्यापासून डेल्मर तिथंच चिरकायचा. तरी तिनं धून शेवटपर्यंत नेली. मध्येच सोडणारी ती बाई नव्हे.

"जिंकलात," हचिन्स पुटपुटला. "यंत्र रद्द."

गर्दी पांगली तेव्हा लोवेल धापा टाकत फाटकातून आला. कॉर्नेट अजून पिशवीतच.

"माफ कर गं... पुलावर गाडी बंद पडली, चालत आलो. वाजवलं कुणी?"

"डेल्मरनं," ती म्हणाली. "आपली जागा दुसऱ्यानं घेतलेली त्याला कधी सोसलीय?" तिनं बिगूल पेटीत ठेवला, कड्या लावल्या, आणि झाडीकडे मान वळवली. "आलास, बरं केलंस, डेल्मर. आता जा."

तेवढ्यात देवदारांमागून धुनेची पहिली ओळ आली. हा पडसाद नव्हता, हाक होती. ओळ संपली आणि सूर वाट बघत थांबला.

लोवेलनं तिचा दंड धरला. "आल्विना... ही कुणासाठी वाजतेय, कळतंय ना? उत्तर देऊ नकोस..."

"मला शिकवतोस? हाक माझी, पडसाद त्याचा. आता या वयात अदलाबदल नाही!" ती झाडीकडे बघून कडाडली. "देत नाही, जा!"

आणि लोवेलला ओढत ती फाटकाकडे निघाली. कुठं पाखरूही बोलत नव्हतं. पेटी तिनं छातीशी गच्च धरली होती.

फाटकाशी तिला थरथर जाणवली. कड्या लावलेल्या पेटीच्या आत, अगदी हळू, बिगूल तीच ओळ वाजवत होता. कुठंही न चिरकता, तिच्याच श्वासाच्या ढबीत.

ओळ पुरी झाली.

मग देवदारांच्या अलीकडून... दुसरी ओळ सुरू झाली.